ऑनलाइन फॉर्ममधल्या पर्यायांच्या याद्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मजकुराच्या रकान्यात कुणी भलतंच काही लिहिलं तर ते निदान डोळ्यांना दिसतं. पर्यायांच्या यादीतून आलेलं चुकीचं उत्तर मात्र बरोबर उत्तरासारखंच दिसतं. घाईत निवडलेला पहिला पर्याय, चुकून सरकलेला ड्रॉपडाउन, आपलं उत्तर यादीतच नाही म्हणून नाइलाजाने केलेली टिक: डेटाबेसमध्ये या सगळ्यांची नोंद सारखीच नीटनेटकी असते, आणि पुढे त्यावरच निर्णय घेतले जातात. खाली दिलेली बहुतेक उत्तरं याच एका काळजीतून आलेली आहेत.

रेडिओ बटण, चेकबॉक्स आणि ड्रॉपडाउन यांपैकी कधी काय वापरायचं?

आधी एवढंच ठरवा: खरं उत्तर एकच असू शकतं की अनेक? एकच असेल तर गोल रेडिओ बटणं, अनेक असू शकतील तर चौकोनी चेकबॉक्स. रेडिओ बटण हे नाव गाडीतल्या जुन्या रेडिओवरून आलं. एक बटण दाबलं की आधी दाबलेलं आपोआप वर यायचं. गोल म्हणजे एक आणि चौकोन म्हणजे हवे तितके, ही खूणगाठ लोकांच्या मनात पक्की आहे. सजावटीसाठी चेकबॉक्स गोल केले तर ती मोडते.

ड्रॉपडाउन हा वेगळा तिसरा प्रकार नाही. ती रेडिओ बटणांचीच घडी घालून ठेवलेली यादी आहे. जागा वाचते, पण पर्याय झाकले जातात, आणि उघडा, सरकवा, निवडा अशी कामं वाढतात. जागा वाचवणं ही बनवणाऱ्याची सोय झाली. भरणाऱ्याला पर्याय समोर दिसलेले बरे.

यादीत ‘दोन्ही’ किंवा ‘वरील सर्व’ असा पर्याय घालावासा वाटला तर थांबा. फोन, ई-मेल, दोन्ही अशी तीन रेडिओ बटणं म्हणजे दोन चेकबॉक्सचा प्रश्न चुकीच्या साच्यात बसवलेला आहे. उद्या तिसरं माध्यम आलं की ‘दोन्ही’ म्हणजे कोणते दोन, हे कुणालाच सांगता येणार नाही.

किती पर्याय झाले की ड्रॉपडाउन घ्यावा?

नेमका आकडा ठरलेला नाही, पण ही वाटणी बहुतेक ठिकाणी चालते. ७ पर्यायांपर्यंत निःशंकपणे रेडिओ बटणं. ८ ते १५ पर्यंत पडद्यावर जागा असेल तर अजूनही रेडिओ बटणंच, फक्त गरजेप्रमाणे उपमथळे देऊन गट पाडलेले. त्यापुढे अक्षरं टाइप करून शोधता येणारा रकाना. साधा ड्रॉपडाउन या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्टीत बसतो: पर्याय ओळखीचे आहेत, क्रम ठरलेला आहे आणि ते एकमेकांशी ताडून पाहायची गरज नाही, अशा वेळी. महिन्यांची नावं हे त्याचं चांगलं उदाहरण.

जे उत्तर माणसाला तोंडपाठ असतं ते यादीतून शोधायला लावू नका. जन्मवर्षाच्या ड्रॉपडाउनमध्ये शंभराहून जास्त ओळी होतात, आणि वय जितकं जास्त तितकं खाली सरकावं लागतं. चार अंक टाइप करणं केव्हाही सोपं.

‘सातपेक्षा जास्त पर्याय नकोत’ हा मानसशास्त्राचा नियम आहे ना?

नाही. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा ‘सात, अधिक-उणे दोन’ हा शोधनिबंध माणूस एका वेळी, थोड्या काळापुरत्या, किती गोष्टी ध्यानात धरू शकतो याबद्दल आहे. यादी तर डोळ्यांसमोर असते, ती पाठ करायची नसते. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये मांडलेला नियमही असाच ओढूनताणून लावला जातो. पर्याय वाढले की निर्णयाचा वेळ वाढतो, पण तो संथ, लॉगरिदमच्या गतीने, असं तो सांगतो. पर्याय ओळखीचे असतील आणि कुठे बघायचं हे माहीत असेल तर ते खरं ठरतं. अनोळखी, क्रम नसलेली यादी मात्र ओळीओळीने वाचावी लागते, आणि तिथे प्रत्येक पर्यायामागे वेळ सरळ वाढत जातो. त्यामुळे नीट लावलेले २० पर्याय विस्कळीत ९ पर्यायांपेक्षा लवकर वाचून होऊ शकतात.

अनेक पर्याय निवडण्यासाठी एचटीएमएलमध्ये (वेब पानं लिहिण्याच्या भाषेत) मल्टिपल सिलेक्टची तयार चौकट आहे. ती का वापरू नये?

कारण तिच्यात केलेलं काम एका क्लिकने पुसलं जातं. एक प्रसंग घ्या. ‘तुम्हाला कोणत्या भाषा वाचता येतात?’ असा प्रश्न आहे, बारा भाषा आहेत आणि चौकटीत एका वेळी चारच ओळी दिसतात. भरणारीने अरबीवर क्लिक केलं. कंट्रोल धरून इंग्रजी निवडली, मग यादी खाली सरकवली. आता तिला फ्रेंच दिसली आणि तिने साधं क्लिक केलं. त्याच क्षणी अरबी आणि इंग्रजीवरची निवड गेली, आणि त्या दोन्ही ओळी वर सरकून नजरेआड झालेल्या असल्यामुळे तिला पत्ताही लागला नाही. फॉर्म पुढे गेला, ‘फ्रेंच’ एवढीच नोंद झाली, चूक झाल्याचा कुठलाही संदेश आला नाही.

‘कंट्रोल धरून क्लिक करा’ अशी सूचना वर लिहिल्याने काम भागत नाही. मॅकवर ती कळ कमांड असते, फोनवर तर अशी कळच नसते, आणि मधूनच बोट सुटणं कुणाच्या हातात नसतं. त्याऐवजी चेकबॉक्स एकाखाली एक मांडा. जागा खरोखरच कमी असेल तर ठरावीक उंचीच्या, आत सरकणाऱ्या चौकटीत चेकबॉक्स ठेवा, पण शेवटची ओळ अर्धी कापलेली दिसेल इतकी उंची द्या, म्हणजे खाली आणखी काही आहे हे कळतं. शिवाय चौकटीच्या वर ‘३ निवडले: अरबी, इंग्रजी, फ्रेंच’ असा चालू सारांश दाखवा.

पहिला पर्याय आधीच निवडून ठेवला तर भरणाऱ्याचा वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, पण आलेल्या उत्तरांवरचा विश्वास जाईल. आधीच निवडलेला पर्याय नोंदीत आला की ते माणसाचं उत्तर आहे की त्याने प्रश्न पाहिलाच नाही, हे नंतर कधीही वेगळं करता येत नाही. मत, ओळख, आरोग्य किंवा संमती विचारणाऱ्या प्रश्नात आधीची निवड अजिबात नको. संमतीच्या बाबतीत तर युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ खटल्यात स्पष्ट सांगितलं की आधीच टिक केलेला चेकबॉक्स ही वैध संमती नव्हे.

ड्रॉपडाउनमध्ये हे नकळत घडतं. पहिली रिकामी ओळ दिली नाही तर ब्राउझर पहिला पर्याय निवडलेलाच दाखवतो, आणि कुणी हात न लावताही तोच पाठवला जातो. म्हणून पहिली ओळ ‘देश निवडा’ अशी ठेवा, तिची व्हॅल्यू (सर्व्हरला पाठवला जाणारा संकेत) रिकामी ठेवा आणि सिलेक्टला, म्हणजे ड्रॉपडाउनच्या एचटीएमएल घटकाला, रिक्वायर्ड (उत्तर सक्तीचं) लावा. मग ब्राउझर ती ओळ उत्तर म्हणून स्वीकारत नाही. नुसतं ‘निवडा’ लिहू नका. काय निवडायचं ते लिहा.

रेडिओ बटणांना आणखी एक खोड आहे: एकदा निवड झाली की पुन्हा क्लिक करून ती काढता येत नाही. ऐच्छिक प्रश्नात चुकून बोट लागलं की माणूस अडकला. अशा प्रश्नात ‘सांगायचं नाही’ हा पर्याय द्या किंवा शेजारी ‘निवड काढा’ असं बटण ठेवा.

आधीची निवड कुठे चालते? ती चुकीची असली तरी नुकसान होत नाही, समोर स्पष्ट दिसते आणि सहज बदलता येते, अशा ठिकाणी. फोनवरून ओळखलेला टाइम झोन आधीच भरून दाखवणं ही खरी मदत आहे.

पर्यायांचा क्रम कसा लावावा?

आधी नैसर्गिक क्रम आहे का बघा: काळ, आकार, तीव्रता, पायऱ्या. नसेल तर सर्वांत जास्त निवडले जाणारे पर्याय वर. तेही माहीत नसेल आणि यादी लांब असेल तर अक्षरानुक्रम. मतं विचारणाऱ्या सर्वेक्षणात या तिन्हींपेक्षा प्रत्येकाला वेगळा, यादृच्छिक क्रम दाखवणं चांगलं, कारण लेखी यादीत वरच्या पर्यायांकडे लोकांचा कल झुकतो. ‘इतर’ आणि ‘यापैकी काहीही नाही’ हे दोन मात्र त्या फेरफारातून वगळून तळाशीच ठेवा. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असली श्रेणीही कधी पिसायची नाही.

अक्षरानुक्रम म्हटलं की देवनागरीत खास अडचण येते, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. प्रोग्रामिंग भाषांमधलं साधं सॉर्टिंग युनिकोडमधल्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकातल्या, क्रमांकांप्रमाणे चालतं. त्या क्रमांकांत ॲ हे अक्षर ह च्याही नंतर येतं, त्यामुळे ‘ॲल्युमिनियम’ यादीच्या अगदी तळाशी जातं आणि शोधणारा ते अ जवळ शोधत बसतो. ळ चा क्रमांक ल आणि व यांच्या मध्ये आहे, पण मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष आणि ज्ञ हे युनिकोडच्या दृष्टीने जोडाक्षरं आहेत, म्हणून ते क आणि ज मध्ये मिसळतात. यावर उपाय म्हणजे जावास्क्रिप्टमधला इंटल कोलेटर (भाषेप्रमाणे क्रम लावणारी तयार सोय) मराठी लोकेल, म्हणजे भाषेची निवड, देऊन वापरणं. त्यातच न्यूमेरिक पर्याय चालू केला तर ‘१०’ हे ‘२’ च्या आधी येत नाही. तरीही यादी बाहेर पडण्यापूर्वी माणसाच्या नजरेखालून एकदा जाऊ द्या.

पर्यायांची भाषा कशी असावी?

दोन पर्यायांत एकाच माणसाला बसता येऊ नये आणि कुणीही बाहेर राहू नये. ‘१८–२५’, ‘२५–३५’ असे गट दिले की २५ वर्षांच्या माणसाने काय करायचं? ‘१८ ते २४’, ‘२५ ते ३४’ लिहा. सलग मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत फट राहते. ‘१–२ तास’ आणि ‘३–४ तास’ यांच्या मध्ये अडीच तास कुठे जातील? तिथे ‘२ तासांपर्यंत’, ‘२ पेक्षा जास्त, ४ तासांपर्यंत’ असं शब्दांत लिहावं लागतं.

फरक सांगणारा शब्द आधी आणा. ‘मला सूचना रोज मिळाव्यात’, ‘मला सूचना आठवड्याने मिळाव्यात’ यापेक्षा प्रश्नात ‘सूचना किती वेळा हव्यात?’ विचारून ‘रोज’, ‘आठवड्यातून एकदा’, ‘कधीच नको’ एवढंच द्या. डोळा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टेकतो, आणि तिथे तेच ते शब्द असले तर वाचणारा गोंधळतो.

नकारार्थी चेकबॉक्स टाळा. ‘मला माहिती पाठवू नका’ यावर टिक करणं म्हणजे ‘नाही’ला ‘हो’ म्हणणं. आणि श्रेणी झुकलेली नको: ‘उत्कृष्ट, खूप छान, छान, बरं’ या यादीत वाईट अनुभव आलेल्या माणसाला जागाच नाही. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत दोन्ही बाजूंना सारखं वजन असतं, आणि ते तसंच राहायला हवं.

‘इतर’, ‘यापैकी काहीही नाही’ आणि ‘माहीत नाही’ हे सगळे पर्याय द्यायलाच हवेत का?

हे तिन्ही वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत, त्यामुळे एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. ‘इतर’ म्हणणाऱ्याकडे उत्तर आहे, पण ते तुमच्या यादीत नाही. ‘यापैकी काहीही नाही’ म्हणणाऱ्याने यादी वाचली आणि त्याचं उत्तर शून्य आहे. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला उत्तरच ठाऊक नाही. यादी खरोखर पूर्ण असेल, उदाहरणार्थ आठवड्याचे वार, तर ‘इतर’ची गरज नाही. बाकी ठिकाणी ते नसलं की लोक जवळचा पर्याय निवडून मोकळे होतात, आणि तुमच्या आकडेवारीत एक खोटी नोंद वाढते.

‘इतर’ निवडल्यावर लगेच खाली मजकुराचा रकाना उघडा, पण तो भरायची सक्ती करू नका. माणसाने नंतर ‘इतर’ काढलं तर रकाना लपवा. त्यात लिहिलेलं पाठवू नका, पण पुसूही नका. त्याने पुन्हा ‘इतर’ निवडलं तर मजकूर जागेवर असावा.

चेकबॉक्सच्या यादीत ‘यापैकी काहीही नाही’ फार मोलाचं आहे. ते नसेल तर रिकामी यादी म्हणजे ‘काहीच लागू नाही’ की ‘प्रश्न सोडून दिला’ हे कळत नाही. बाकीच्या पर्यायांपासून थोडं अंतर सोडून, मध्ये ‘किंवा’ लिहून ते मांडा. त्यावर टिक केली की इतर टिका निघाव्यात आणि इतर कशावर टिक केली की ते निघावं. जावास्क्रिप्ट चाललीच नाही तर दोन्ही एकत्र येऊ शकतात, म्हणून सर्व्हरवरही तपासणी ठेवा आणि तसं आलं तर विचारा. गुपचूप एक बाजू निवडू नका.

‘लागू असतील ते सर्व निवडा’ की प्रत्येकासमोर हो/नाही?

महत्त्वाच्या प्रश्नात हो/नाही. जोलीन स्मिथ, डॉन डिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वेब सर्वेक्षणात ही तुलना केली. प्रत्येक बाबीसमोर हो किंवा नाही निवडायला लावलं तेव्हा लोकांनी जास्त बाबींना होकार दिला आणि जास्त वेळही घेतला. टिकांच्या यादीत काही जण दोन-तीन खुणा करून पुढे जातात, हे त्याचं एक कारण. आरोग्याची लक्षणं किंवा सुरक्षेच्या बाबी विचारत असाल तर हा जास्तीचा वेळ घालवण्यासारखा आहे. आवडीनिवडी विचारत असाल तर चेकबॉक्स पुरेत, फक्त ‘लागू असतील ते सर्व निवडा’ ही सूचना प्रश्नाच्या लगेच खाली, पहिल्या पर्यायाच्या वर हवी.

एकटा चेकबॉक्स कधी वापरायचा?

टिक नसणं म्हणजे ठामपणे ‘नाही’ असं मानायला हरकत नसेल तेव्हाच. ‘माझी माहिती या फोनवर लक्षात ठेवा’ इथे तो शोभतो. ‘तुम्हाला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे’ यासमोर एकटा चेकबॉक्स धोक्याचा आहे, कारण रिकामा चौकोन ‘ॲलर्जी नाही’ असंही सांगतो आणि ‘मी वाचलंच नाही’ असंही. तिथे हो, नाही, माहीत नाही अशी तीन रेडिओ बटणं हवीत.

अटी मान्य करण्याच्या चेकबॉक्सच्या लेबलमध्येच दुवा गुंफू नका. टिक करायला गेलेलं बोट दुव्यावर पडतं आणि नवं पान उघडतं. दुवा वरच्या किंवा खालच्या स्वतंत्र ओळीत ठेवा.

देशांसारख्या लांबलचक यादीचं काय करायचं?

देशांच्या आयएसओ ३१६६-१ या मानकात २४९ संकेत आहेत. फोनवर इतक्या ओळी अंगठ्याने सरकवणं ही शिक्षा आहे. डेस्कटॉपवर उघड्या ड्रॉपडाउनमध्ये अक्षर टाइप केलं की त्या नावावर उडी मारता येते, पण मराठी यादीसाठी कीबोर्डही देवनागरीत असावा लागतो. म्हणून इथे शोधता येणारा रकाना द्या आणि शोधात ही काळजी घ्या:

शब्दाच्या मधलं अक्षरही जुळू द्या, फक्त सुरुवातीचं नको. ‘कोरिया’ टाइप केल्यावर उत्तर आणि दक्षिण दोन्ही दिसले पाहिजेत.

प्रत्येक पर्यायाला पर्यायी नावं जोडा. कुणी हॉलंड लिहील, कुणी नेदरलँड्स. कुणी बर्मा, कुणी म्यानमार. रोमन लिपीत टाइप केलेलंही ओळखा.

ह्रस्व-दीर्घ आणि अनुस्वार सैल ठेवा. ‘जर्मनि’ लिहिणाऱ्याला ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर देणं हा त्याचा नव्हे, फॉर्मचा दोष आहे. तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर युनिकोड नॉर्मलायझेशनमधून काढा, कारण ऱ सारखं अक्षर एका संकेतानेही लिहिलं जातं आणि र खाली नुक्ता जोडूनही. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं.

काहीच जुळलं नाही तर रिकामी चौकट दाखवू नका. पुढे काय करायचं ते लिहा. एचटीएमएलचा डेटालिस्ट हा तयार मार्ग सोपा वाटतो, पण तो यादीबाहेरचा मजकूरही स्वीकारतो आणि वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये वेगळा दिसतो. नेमकं यादीतलंच उत्तर हवं असेल तर तो पुरत नाही.

एका यादीवर दुसरी यादी अवलंबून असेल तर?

देश निवडल्यावर त्यातली शहरं दिसावीत, अशा जोडीत तीन गोष्टी बिघडतात. पहिली यादी बदलल्यावर दुसरीतलं जुनं उत्तर तसंच राहतं आणि जपानमधलं पॅरिस नोंदवलं जातं. दुसरी यादी सर्व्हरवरून येईपर्यंत रिकामी दिसते आणि माणूस ती तुटली असं समजतो. कीबोर्ड वापरणारा बाणाने एकेक पर्याय ओलांडत असताना प्रत्येक पायरीला सर्व्हरकडे नवी मागणी जाते. म्हणून: पहिली बदलली की दुसरीचं उत्तर काढा आणि तसं सांगा. येईपर्यंत ‘शहरं आणत आहोत’ असं दाखवा. आणि निवड बदलल्या क्षणी पान उलटवू नका किंवा फॉर्म सबमिट करू नका. पूर्वसूचना न देता असा बदल करणं डब्ल्यूसीएजीच्या (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या) ३.२.२ या निकषालाही धरून नाही.

फोनवर काय सांभाळायचं?

बोटाला पुरेल एवढी जागा. डब्ल्यूसीएजी २.२ (ऑक्टोबर २०२३) मध्ये एए पातळीला किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल आहेत. ॲपलच्या मार्गदर्शनात ४४ × ४४ पॉइंट आणि गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये ४८ × ४८ डीपी आहेत. २४ ही तळाची रेषा समजा आणि ४४ च्या पुढे राहा. इवल्याशा चौकोनाऐवजी पूर्ण ओळच स्पर्शाला प्रतिसाद देणारी करा. त्यासाठी लेबल आणि इनपुट एकमेकांना नीट जोडलेले हवेत, आणि दोघांमधलं अंतर मार्जिनने नव्हे तर लेबलच्या आतल्या पॅडिंगने द्यावं, नाहीतर मधली पट्टी मृत राहते.

पर्याय एकाखाली एक मांडा. दोन रकाने केले की आडवं वाचायचं की उभं हे ठरत नाही. एका ओळीत मांडलेल्या रेडिओ बटणांत तर गोल डावीकडच्या शब्दाचा की उजवीकडच्या, हेच समजत नाही. गोल किंवा चौकोन मजकुराच्या डावीकडे असावा. पडदा मोठा करून पाहणाऱ्यांना उजव्या कडेचा चौकोन दिसतच नाही.

आयफोनवर सिलेक्टचा फाँट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर स्पर्श करताच सफारी पान मोठं करतं आणि मांडणी सरकते. १६ किंवा जास्त ठेवा.

कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरसाठी वेगळं काय करावं लागतं?

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम. मूळ एचटीएमएल नीट वापरलं तर फारसं काही नाही. रेडिओ बटणांच्या गटात टॅबने एकदाच शिरता येतं आणि बाणांनी फिरताना निवडही बदलते. चेकबॉक्समध्ये प्रत्येकावर टॅब थांबतो आणि स्पेसने टिक होते. हे ब्राउझर फुकट देतो. डिव्ह (एचटीएमएलच्या साध्या चौकटी) जोडून स्वतः बनवलेल्या यादीत हे सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि काहीतरी राहतंच.

सर्वांत जास्त विसरला जातो तो प्रश्न स्वतः. पर्यायांचा गट फील्डसेटमध्ये (गट बांधणाऱ्या एचटीएमएल घटकात) आणि प्रश्न त्याच्या लेजंडमध्ये (शीर्षकात) नसेल तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला फक्त ‘हो, रेडिओ बटण, २ पैकी १’ एवढंच ऐकू येतं. कशाला हो? लेजंड दिलं की आधी प्रश्न ऐकू येतो, मग पर्याय.

दिसणं ब्रँडप्रमाणे बदलायचं आहे. कसं करावं?

फक्त रंग हवा असेल तर सीएसएसचा (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा) ॲक्सेंट-कलर पुरतो. पूर्ण नवं रूप हवं असेल तर मूळ इनपुट ‘डिस्प्ले: नन’ (पूर्ण लपवणारा सीएसएस नियम) लावून काढून टाकू नका, कारण मग कीबोर्ड त्यापर्यंत पोचत नाही. अपारदर्शकता शून्य करून ते आपल्या चित्राच्या वरच ठेवा. निवड झाल्याची खूण केवळ रंगाने दाखवू नका, आकारही बदलू द्या. चौकोनाची कडा आणि मागचा रंग यांत किमान ३:१ कॉन्ट्रास्ट ठेवा. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट रूपात मागचे रंग बदलले जातात, तिथे टिक दिसते का ते वेगळं बघा.

‘किमान एक’ आणि ‘जास्तीत जास्त तीन’ या अटी कशा लावायच्या?

रेडिओच्या गटात एकाला रिक्वायर्ड लावलं तरी पूर्ण गट सक्तीचा होतो. चेकबॉक्समध्ये तसं नाही. तिथे रिक्वायर्ड त्या एका चौकोनापुरतंच असतं. प्रत्येकाला लावलं तर सगळ्यांवर टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. ‘किमान एक’ची तपासणी स्वतः लिहावी लागते.

मर्यादा आधीच सांगा: ‘जास्तीत जास्त ३ निवडा’. तिसऱ्या टिकेनंतर बाकीचे पर्याय अचानक करडे करणं आम्हाला पटत नाही. माणसाला मन बदलायचं असतं, आणि करड्या चौकोनावर क्लिक करून काहीच घडत नाही. चौथी टिक होऊ द्या आणि ‘४ निवडले, एक काढा’ असं गटाच्या वर दाखवा. चूक झाल्याचा संदेश देताना आधीच्या टिका कधीही पुसू नका.

उत्तरं साठवताना काय चुकतं?

टिक न केलेला चेकबॉक्स फॉर्मबरोबर पाठवलाच जात नाही. त्यामुळे ‘दाखवला पण निवडला नाही’ आणि ‘दाखवलाच नव्हता’ यांत सर्व्हरला फरक कळत नाही. कोणते पर्याय दाखवले होते त्याची आवृत्तीही नोंदवा. पीएचपी या सर्व्हरवरच्या प्रोग्रामिंग भाषेत गटाच्या नावापुढे चौकटी कंस लिहायचे राहिले तर अनेक टिकांपैकी फक्त शेवटची पोचते. उत्तरं स्वल्पविरामाने जोडून एकाच रकान्यात ठेवली आणि एखाद्या पर्यायातच स्वल्पविराम असला, तर पुढे ती चुकीच्या जागी तुटतात.

प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र, न बदलणारी व्हॅल्यू द्या. सिलेक्टमधल्या पर्यायाला व्हॅल्यू नसेल तर दिसणारा मजकूरच पाठवला जातो, आणि कुणी ब्राउझरमध्ये पान भाषांतरित करून वाचत असेल तर भाषांतरित शब्द तुमच्याकडे येतो. काढून टाकलेल्या पर्यायाचा संकेत नव्याला कधी देऊ नका. तसं केलं की जुनी उत्तरं नवा अर्थ घेऊन बसतात.

यादी लोकांपुढे नेण्याआधी कशी तपासायची?

माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने फॉर्म भरा. ३२० पिक्सेल रुंदीवर पाहा. एनव्हीडीए, व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅक यांपैकी एखादा स्क्रीन रीडर चालू करून, डोळे मिटून एक प्रश्न सोडवा. काहीही न निवडता सबमिट करा. ड्रॉपडाउन निवडून झाल्यावर त्यावर कर्सर ठेवून माउसचं चाक फिरवा, कारण काही ब्राउझरमध्ये पान सरकवायला गेलं की निवडच सरकते. शेवटचा पर्याय निवडा आणि डेटाबेसमध्ये नेमकं काय पोचलं ते वाचा.

मग चार-पाच अनोळखी माणसांना फॉर्म द्या, आणि प्रत्येक निवडीनंतर ‘तुमचं खरं उत्तर काय होतं?’ एवढंच विचारा. खरं उत्तर आणि निवडलेला पर्याय जिथे जुळत नाहीत, तिथे यादी दुरुस्त करा. फॉर्म सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ‘इतर’मध्ये लिहिलेला प्रत्येक मजकूर वाचा. तेच उत्तर पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याचा पर्याय करा, जुन्या नोंदी त्याखाली आणा आणि माणसाने मुळात जे शब्द लिहिले होते ते तसेच जपून ठेवा.